मुलाखतीचा वार

भाईंदर पश्चिमेला तुरुंग नाही. इथे कोणाला अटक झाली की आधी पोलीस ठाण्याची कोठडी, मग न्यायालय, आणि न्यायालयीन कोठडी सुनावली की माणूस गावाबाहेर जातो. बहुतेक जण ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहात जातात, काही तळोज्याला, बाई असेल तर कधी भायखळ्याला. शिक्षा लागली की नाशिकरोड, येरवडा, कोल्हापूरचं कळंबा, कुठेही पाठवतात. मागे राहतं ते घर, आणि त्या घराचा आठवडा तिथून पुढे वेगळाच चालतो. कोणत्या वारी तुरुंगात मुलाखत, कोणत्या दिवशी कोर्टाची तारीख, महिन्याची मनीऑर्डर गेली की नाही, यांवर सगळी कामं बेतली जातात.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘दुरावा’ हा विषय दिला. परदेशी गेलेली मुलं, गावी एकटे राहिलेले आईवडील यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मीरा-भाईंदरमध्ये वावरताना मला दिसत आलेला दुरावा निराळा आहे, आणि त्याबद्दल कोणी मोठ्याने बोलत नाही. चाळीत, सोसायटीत विचारलं तर ‘ते गावी गेलेत’, ‘दुबईला काम लागलं’ असं सांगतात. शाळेत बाईंनी विचारलं तर मुलंही तेच सांगतात. ज्या कुटुंबांनी मला बरोबर येऊ दिलं, घरी बसवून कागद दाखवले, त्यांची नावं या लेखात नाहीत. गुन्हा काय, खरा की खोटा, हेही मी विचारलं नाही. आतल्या माणसाशी धागा टिकवायचा म्हणजे रोज नेमकं काय करावं लागतं, एवढंच मला पाहायचं होतं.

गायमुखचा घाट ओलांडून

मुर्ध्याच्या वाटेवरच्या एका चाळीत राहणारी ताई साठ फुटी रस्त्यावरच्या इमारतींमध्ये पोळ्या करते. नवरा कच्चा कैदी, म्हणजे खटला अजून चालू आहे. मुलाखतीच्या दिवशी ती पहाटेच दोन घरच्या पोळ्या उरकते, बाकीच्या घरी आदल्या रात्रीच ‘उद्या उशीर होईल’ असं सांगून ठेवलेलं असतं. खरं कारण कुठल्याच घरी सांगितलेलं नाही. एका घरी सांगितलं होतं, ते काम गेलं.

पिशवीत आधार कार्ड, त्याच्या झेरॉक्स, दोन बनियन, एक टॉवेल, नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी. ठाणं आणि भाईंदर एकाच जिल्ह्यात असले तरी त्यांच्यात सरळ रेल्वे नाही. लोकलने जायचं तर दादरला उतरून मध्य रेल्वेने उलट यायचं, नाहीतर बसने काशिमीरा गाठून घोडबंदर रस्त्याने गायमुखचा घाट ओलांडायचा. घाटात अवजड गाड्यांची रांग लागली की वेळेचं काही सांगता येत नाही, आणि मुलाखतीची नोंदणी ठरल्या वेळी बंद होते. म्हणून ताई घाट मोकळा असेल अशा वेळी निघते आणि कोर्ट नाक्यावर दोन तास बसून राहते. आत जागा मिळेपर्यंत रस्त्याच्या कडेलाच बसायचं. पाऊस असला तर छत्रीखाली.

तळोज्याची वाट आणखी वेगळी. भाईंदरहून वसई रोड, तिथून दिवामार्गे पनवेलकडे जाणारी मेमू, तळोजे पाचनंद स्थानकावर उतरून पुढे रिक्षा. त्या मेमूच्या फेऱ्या मोजक्याच. ती चुकली तर तो दिवस गेला, आणि दिवस गेला म्हणजे मजुरीही गेली.

ठाण्याचं कारागृह म्हणजे मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास तो बांधायला घेतला, १७३७ मध्ये तो मराठ्यांकडे आला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी दिलं. आज या कारागृहाची मंजूर क्षमता १,१०५ आहे आणि गेल्या काही वर्षांत आत चार हजारांहून जास्त माणसं राहत आली आहेत. ही गर्दी बाहेरच्या रांगेतही कळते. एका माणसामागे भेटायला येणारे दोघे धरले तरी मुलाखतीच्या खोलीवर, खिडकीवरच्या शिपायावर आणि त्या एका रजिस्टरवर किती ताण पडत असेल याचा अंदाज यावा.

या गर्दीतले बहुतेक जण अजून गुन्हेगार ठरलेले नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती. चारांतले तीन. दोषी ठरण्याआधीच त्यांच्या घरांची ही पायपीट सुरू झालेली असते.

काचेच्या दोन बाजू

खिडकीवर कैद्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आणि माहीत असेल तर यूटी नंबर, म्हणजे कच्च्या कैद्याचा नोंदीचा क्रमांक सांगायचा. पहिल्यांदा आलेल्यांना हा नंबर माहीतच नसतो. काहींना तर माणूस ठाण्यात आहे की कल्याणला हेही नक्की ठाऊक नसतं. रिमांडच्या दिवशी वकिलाने सांगितलेलं असतं, गडबडीत ते डोक्यात राहिलेलं नसतं. ज्यांना वकीलच नाही त्यांना सांगणारंही कोणी नसतं. त्या वेळी मदतीला येतात रांगेतल्या जुन्या बायका. कोणता कागद लागतो, कुठली झेरॉक्स चालत नाही, नात्याचा पुरावा म्हणून काय दाखवायचं, मोबाईल कोणत्या टपरीत ठेवायचा, औषधाची चिठ्ठी कोणाकडे द्यायची, हे सगळं ज्ञान त्यांच्या तोंडी आहे. फलकावरच्या सूचनांपेक्षा नवख्या माणसाला त्यांचाच आधार जास्त.

नाव पुकारलं की आत. मधे काच, दोन्ही बाजूंना फोनचा रिसीव्हर. ताईच्या वाट्याला आलेल्या रिसीव्हरची वायर चिकटपट्टी गुंडाळून जोडलेली होती आणि ती एका विशिष्ट कोनात धरली तरच आवाज येत होता. ती तशी धरूनच बोलत राहिली, तिला सवय होती. शेजारी आणखी आठ-दहा जण असेच रिसीव्हर कानाला लावून ओरडत होते. वीसेक मिनिटं मिळतात. त्यातली पहिली काही नुसती एकमेकांकडे पाहण्यात जातात. कपडे धुतलेले आहेत का, दाढी वाढली आहे का, हाताला काही लागलंय का, हे बायका आधी पाहतात, बोलणं नंतर.

ताईने तळहातावर बॉलपेनने चार शब्द लिहून आणले होते: फी, गॅस, वकील, अण्णा. शाळेची फी भरायची मुदत, गॅसच्या सिलिंडरचे पैसे, वकिलाने मागितलेली पुढची रक्कम, सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन. न लिहिता आलं तर निम्मं विसरतं, असं ती म्हणाली. नवऱ्याने दोनच गोष्टी विचारल्या. धाकट्याचा खोकला गेला का, आणि घरमालक काही बोलला का. दुसऱ्या प्रश्नाला ती नाही म्हणाली. घरमालक बोलला होता, हे मला आदल्या संध्याकाळपासून माहीत होतं. काचेच्या दोन्ही बाजूंना लोक एकमेकांना जपत असतात. आतला मार खाल्ल्याचं सांगत नाही, बाहेरची उपास काढल्याचं सांगत नाही.

कोविडच्या काळात मुलाखती बंद झाल्या तेव्हा व्हिडिओवरची ई-मुलाकात रुळली. पोर्टलवर नोंदणी करायची, मंजुरी आली की ठरल्या वेळी लिंक उघडायची. राई गावातल्या एका आजोबांना घाटाचा प्रवास झेपत नाही, त्यांनी मुलाचं तोंड पाहिलं ते नातवाच्या मोबाईलवर. याशिवाय २०२३ पासून येरवड्यातून सुरुवात करून स्मार्ट कार्डवर चालणारे फोन आले. आधी नोंदवलेल्या आणि तपासलेल्या नंबरवरच, ठरलेली मिनिटं बोलता येतं. या सोयींनी प्रवास वाचतो, मजुरी वाचते, म्हणून त्या वाढल्याच पाहिजेत. पण ज्या घरात एकच साधा फोन आहे आणि तोही कामावर गेलेल्या मुलाच्या खिशात, तिथे हा फोन कधी येईल याची वाट पाहत कोणीतरी दिवसभर अडकून पडतं. अनोळखी नंबर म्हणून तो एकदा कापला गेला तर आत काय वाटत असेल ते त्या घरांना विचारावं.

बायका आत गेल्या की त्यांना भेटायला येणारे कमी होतात, हे तुरुंगात काम करणारे सगळेच सांगतात. नवरा आत असला तर बायको येते, मुलगा आत असला तर आई येते. बायको आत असली की नवऱ्याच्या खेपा कमी कमी होत जातात. भायखळ्याला नियमाने येणारी माणसं बहुतेक करून तिथल्या बायकांच्या आया आणि बहिणी. धागा धरून ठेवण्याचं काम दोन्हीकडे बाईच्याच अंगावर पडलं आहे.

साबण, चिवडा, मनीऑर्डर

आत पैशाला वेगळं मोल आहे. रोख जवळ ठेवता येत नाही. घरून आलेले पैसे कैद्याच्या नावावर जमा होतात आणि त्यांतून कॅन्टीनची खरेदी वळती होते. साबण, टूथपेस्ट, तेल, बिस्किटं, चिवडा, चहा. तुरुंगाचं जेवण मिळतंच, पण अंगाचा साबण आणि संध्याकाळी भूक लागल्यावर खायला काहीतरी हे घरच्या पैशांवर अवलंबून असतं. ज्याच्या नावावर काहीच येत नाही तो दुसऱ्याचे कपडे धुतो, दुसऱ्याची जागा पुसतो आणि बदल्यात साबणाची वडी मिळवतो.

भाईंदरच्या टपाल कचेरीत मनीऑर्डरचा अर्ज भरताना ताईचा हात सावकाश चालतो. नाव, वडिलांचं नाव, यूटी नंबर, कारागृहाचा पत्ता. एक आकडा चुकला तर पैसे परत येतात आणि परत येईपर्यंत महिना जातो. शंभराला पाच रुपये टपाल खात्याचे. किती पाठवता येतील याला मर्यादा आहे. २०२१ मध्ये बड्या अभिनेत्याचा मुलगा आर्यन खान तुरुंगात असताना त्याला घरून ४,५०० रुपयांची मनीऑर्डर गेली, तेव्हा अशी मर्यादा असते हे साऱ्या देशाला कळलं. पोळ्या करणाऱ्या बाईला त्या मर्यादेचा अडसर कधीच येत नाही. ती पाचशे पाठवते, कधी तीनशे.

२०२४ च्या सुरुवातीला राज्याच्या कारागृह विभागाने कॅन्टीनच्या यादीत १७३ वस्तू वाढवल्या. पाणीपुरी, आइसक्रीम अशी नावं वाचून बाहेर बरीच चेष्टा झाली. मला ती चेष्टा आवडली नाही. वर्षानुवर्षं तारखेची वाट पाहणाऱ्या, दोषी न ठरलेल्या माणसाने स्वतःच्या घरच्या पैशांनी आइसक्रीम खाल्लं तर कोणाचं काय गेलं?

दिवाळीत हा विषय घरात जास्त टोचतो, कारण घरचा फराळ आत जात नाही. कपडे, पुस्तकं, औषधं यांना परवानगीने वाट आहे. कच्च्या कैद्याला बाहेरून अन्न आणि कपडे मिळण्याची तरतूद १८९४ च्या कारागृह कायद्याच्या ३१ व्या कलमात आहे, पण घरच्या डब्यासाठी बहुधा न्यायालयाचा आदेश मिळवावा लागतो. तो मागायला वकील लागतो, आणि डबा रोज पोचवायला जवळ राहणारं माणूस. भाईंदरहून रोज ठाण्याला डबा कोण नेणार? म्हणून ताई दिवाळीच्या महिन्यात मनीऑर्डर थोडी वाढवते, नवरा कॅन्टीनमधून चिवडा घेतो, आणि पुढच्या मुलाखतीला ‘खाल्ला’ म्हणून सांगतो.

खरारा करता करता गायलेलं गाणं

ठाण्याच्या याच किल्ल्यातून १२ सप्टेंबर १८१६ रोजी त्रिंबकजी डेंगळे निसटले. पेशव्यांच्या या कारभाऱ्यावर इंग्रजांनी गोऱ्या शिपायांचा पहारा ठेवला होता. सांगतात ते असं की एका इंग्रज अधिकाऱ्याचा मराठी मोतद्दार रोज खिडकीखाली घोड्याला खरारा करायचा आणि करता करता गाणी म्हणायचा. पळण्याचा सगळा बेत त्या गाण्यांत होता आणि पहाऱ्यावरच्या कोणालाही मराठी येत नव्हतं. बिशप हेबर यांनी काही वर्षांनी आपल्या प्रवासवर्णनात ही हकीकत नोंदवून ठेवली. आतल्या माणसापर्यंत बाहेरचा शब्द पोचू द्यायचा की नाही, आणि तो मधे कोणी ऐकायचा, हा प्रश्न ठाण्याच्या तुरुंगात इतका जुना आहे.

आज पत्रं वाचून, तपासून आत-बाहेर जातात. लिहिणारे कमी झाले असले तरी संपलेले नाहीत. काचेपलीकडची वीस मिनिटं संपतात, पत्र उशाखाली राहतं आणि झोप न येणाऱ्या रात्री पुन्हा काढून वाचता येतं. आणीबाणीत प्रमिला दंडवते येरवड्यात आणि मधु दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते. नवरा-बायको दोघंही कैदेत आणि संसार टपालावर. तुरुंगातली पत्रं म्हटलं की आपल्याला अशी मोठी नावं आठवतात. मुर्ध्याच्या चाळीतल्या डब्यात जी पत्रं आहेत त्यांत गॅसच्या सिलिंडरचा हिशेब आहे, धाकट्याने काढलेलं रेल्वेचं चित्र आहे, आणि दर पत्राच्या शेवटी ‘काळजी करू नकोस, औषध घे’ असं लिहिलेलं आहे.

तुरुंगातून घरी कागद पाठवण्यावरून महाराष्ट्रात एक मोठा खटलाही झाला आहे. मार्क्सवादी कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी १९६० च्या दशकात भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध होऊन मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात होते. तिथे त्यांनी मराठीत अणुविज्ञानावर पुस्तक लिहिलं, ‘अणूच्या अंतरंगात’. छापण्यासाठी हस्तलिखित पत्नीकडे पाठवू द्या, एवढंच त्यांचं मागणं. सरकारने नकार दिला. उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला तर राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. ६ सप्टेंबर १९६५ च्या निकालात न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी सरकारचं अपील फेटाळलं. स्थानबद्धतेच्या अटींत पुस्तक लिहून बाहेर पाठवायला मनाई नाही, तर सरकारला ते अडवता येणार नाही. नियमात जेवढं काढून घेतलेलं आहे तेवढंच गेलं, बाकीचं माणसापाशी राहतं, हा त्या निकालाचा गाभा.

मेहरबानी नव्हे

रांगेत बसणाऱ्या बायका मुलाखतीबद्दल ‘देतात’, ‘सोडतात’ असं बोलतात. साहेबांचा मूड चांगला होता म्हणून पाच मिनिटं जास्त दिली. कायद्याची भूमिका अशी नाही. १८९४ चा कारागृह कायदा इंग्रजांचा, कैद्यांबद्दल मुळीच हळवा नसलेला. त्याच्याही ४० व्या कलमात म्हटलं आहे की कच्च्या कैद्याला ज्यांच्याशी बोलावंसं वाटतं त्यांना योग्य वेळी, योग्य बंधनांसह आत येऊ देण्याची व्यवस्था असली पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने याला राज्यघटनेचा आधार दिला. फ्रान्सिस कोराली मुलिन ही ब्रिटिश स्त्री तस्करीविरोधी कायद्याखाली तिहारमध्ये स्थानबद्ध होती. पाच वर्षांची मुलगी आणि बहीण यांची भेट तिला महिन्यातून एकदाच मिळे. कच्च्या कैद्यांना आठवड्यातून दोनदा आणि हिला महिन्यातून एकदा, हा भेदभाव न्यायमूर्ती भगवतींनी १९८१ च्या निकालात घटनाबाह्य ठरवला. जगण्याच्या हक्कात घरच्यांना भेटणं येतं, असं त्यांनी नि:संदिग्धपणे मांडलं. त्याआधी सुनील बत्रा खटल्यातही घरच्यांच्या भेटी कैद्यासाठी किती महत्त्वाच्या आहेत हे न्यायालयाने सांगितलं होतं.

तरीही तुरुंगाच्या दारात हे निकाल आपोआप लागू होत नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये तळोज्यात कार्यकर्ते गौतम नवलखांचा चष्मा चोरीला गेला आणि घरच्यांनी टपालाने पाठवलेला नवा चष्मा कारागृहाने घेतला नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. शिंदे आणि न्या. कर्णिक यांच्या खंडपीठाला माणुसकी महत्त्वाची आहे याची आठवण करून द्यावी लागली. त्याच तुरुंगात फादर स्टॅन स्वामींना हात थरथरतात म्हणून नळीचा पेला मागायला न्यायालयात अर्ज करावा लागला. या दोघांमागे नामवंत वकील होते, वर्तमानपत्रं होती. भाईंदरच्या ताईच्या नवऱ्याच्या गोळ्यांची चिठ्ठी मी पाहिलेल्या दिवशी तरी खिडकीतून आत गेली. गोळ्या त्याच्यापर्यंत पोचल्या का, हे तिला पुढच्या आठवड्यात कळणार होतं.

बाबा कुठे आहेत?

ताईची थोरली मुलगी दहा वर्षांची आहे, तिला खरं माहीत आहे. धाकट्याला ‘बाबा कामाला’ म्हणून सांगितलंय. थोरलीने हे गुपित इतकं नेटाने सांभाळलं आहे की आईलाच तिची भीती वाटते.

काचेमागचा बाप दाखवावा की नाही, यावर आयांमध्ये दोन मतं आहेत. महाराष्ट्रातल्या कारागृहांनी यावर एक चांगली वाट काढली: गळाभेट. साधारण २०१६-१७ पासून, भूषणकुमार उपाध्याय कारागृह विभागाचे प्रमुख असताना, सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना आत नेऊन काच, जाळी काहीही मधे न ठेवता आईवडिलांना भेटू देण्याचे दिवस ठरवले जाऊ लागले. मूल मांडीवर बसतं, खाऊ खातं, शाळेची वही दाखवतं. हा उपक्रम मुख्यतः शिक्षा झालेल्यांसाठी राबवला गेला. कच्च्या कैद्यांच्या मुलांना तो नियमाने का मिळू नये, हे मला कळत नाही. ज्याचा गुन्हा सिद्ध झालेला नाही त्याच्या मुलाने काचेला हात लावून परत यायचं, आणि सिद्ध झालेल्याच्या मुलाने मांडीवर बसायचं?

राज्याच्या बालसंगोपन योजनेत संकटातल्या कुटुंबांच्या मुलांना दरमहा मदत मिळते. २०२३ मध्ये ती १,१०० वरून २,२५० रुपये झाली आणि पालक तुरुंगात असलेली मुलंही तिच्यात बसतात. ताईने हे नाव ऐकलेलं नव्हतं. रांगेतही कोणी घेतल्याचं मला आढळलं नाही. अर्जात नवरा तुरुंगात असल्याचा दाखला जोडायचा म्हणजे आजवर झाकलेलं कागदावर आणायचं, ही मोठी अडचण. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबई-ठाण्याच्या तुरुंगांत काम करतो आहे. त्याचे सामाजिक कार्यकर्ते बराकीतल्या माणसाचा निरोप घरी पोचवतात, घरच्यांना अशा योजनांपर्यंत नेतात, सुटून आलेल्याला काम मिळवून देतात. हे काम सरकारचं आहे. प्रत्येक तुरुंगाच्या दारात, मुलाखतीच्या रांगेजवळ, असा एक माणूस पगारावर बसलेला असायला हवा.

जामीन झाला, माणूस आतच

भाईंदरच्या बऱ्याच घरांची एक तक्रार सारखी आहे: जामीन मंजूर झाला आणि माणूस सुटला नाही. आदेशात रक्कम असते आणि जामीनदार आणा असं म्हटलेलं असतं. जामीनदार म्हणजे रेशनकार्ड, पगाराची पावती किंवा घरपट्टीची पावती, कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला घेऊन कोर्टात उभा राहणारा माणूस. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, मूळ गाव दूर असलेल्या कुटुंबाला असा माणूस मिळत नाही. गावचा भाऊ यायला तयार असतो, त्याची जमीन दुसऱ्या जिल्ह्यात. मोतीराम नावाच्या गवंड्याच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून दंडाधिकाऱ्यांनी त्याला जामीनदार मानलं नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७८ मध्ये हे चूक ठरवलं. त्याला चार दशकांहून जास्त काळ लोटला, आणि अजूनही ‘लोकलच जामीनदार आणा’ हे वाक्य कोर्टाच्या व्हरांड्यात ऐकू येतं.

अशा घरांना काही गोष्टी कोणीतरी सांगायला हव्यात. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी ठरवून दिलं आहे की जामिनाचा आदेश ई-मेलने कारागृहात जावा, सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, आणि महिन्याभरात जामीनदार मिळत नसेल तर अटी सैल करण्याचा विचार न्यायालयाने स्वतःहून करावा. दुसरं, केंद्राच्या २०२३ च्या योजनेत गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी पैशाची मदत मिळू शकते. विधी सेवेचा १५१०० हा क्रमांक फुकट लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाप्रमाणे आधी कधीही दोषी न ठरलेल्याने संभाव्य कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याच्या सुटकेचा विचार व्हायला हवा. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले यांना अपवाद आहेत. हे गणित घरच्यांनी मांडून वकिलापुढे ठेवावं. शेकडो प्रकरणं हाताळणाऱ्या वकिलाच्या ते ध्यानात राहीलच असं नाही.

रजेचा अर्ज

मिठागरावर आयुष्य घालवलेल्या एका काकांचा मुलगा पक्का कैदी आहे, नाशिकरोडला. कल्याणला गाडी बदलून काका वर्षातून मोजक्या वेळा जातात. त्यांच्या घरी आता बोलणं असतं ते रजेचं. शिक्षा भोगणाऱ्याला दोन प्रकारच्या रजा आहेत: चांगल्या वागणुकीवर ठरावीक काळानंतर मिळणारी संचित रजा, आणि घरातलं आजारपण, मृत्यू, लग्न, घर पडणं अशा कारणांसाठी अभिवचन रजा. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना १९१२ मध्ये त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या आणि टिळकांना ते तारेने कळलं. आज जवळचं माणूस गेलं तर तातडीची रजा मागता येते. कच्च्या कैद्याला मात्र न्यायालयाकडूनच परवानगी आणावी लागते, बरोबर पोलीस घेऊन यावं लागतं, आणि परवानगी मिळेस्तोवर कित्येकदा अंत्यसंस्कार उरकलेले असतात.

आतून घराला हातभार लावण्याचीही एक सोय आहे. १ मे २०२२ रोजी येरवड्यात राज्य सहकारी बँकेची ‘जिव्हाळा’ कर्ज योजना सुरू झाली. शिक्षाबंद्याला तारण न घेता ५० हजारांपर्यंत, सात टक्क्यांनी कर्ज, आणि परतफेड तुरुंगातल्या मजुरीतून. काकांच्या मुलाने अजून घेतलेलं नाही. बहिणीच्या लग्नाला घेईन म्हणतो.

संचित रजेचे नियम १९५९ चे आहेत. त्यांत एक अट अशी की कैद्याला घरी ठेवून घ्यायला तयार असलेला आणि त्याच्यासाठी हमी लिहून देणारा नातेवाईक असल्याशिवाय रजा मिळत नाही. म्हणजे ज्याचं घर तुटलं त्याची रजाही गेली. मुलाखतीच्या खेपा, चुकत-माकत लिहिलेली पत्रं, तीनशेची मनीऑर्डर, यांतून जे राखलेलं असतं त्याच्यावरच ही रजा उभी असते. पूर्ण शिक्षा भोगून बाहेर येणाऱ्याचंही तेच. शासनाने घरच्यांच्या या कष्टांकडे पुनर्वसनाचं काम म्हणून पाहावं, प्रवासाचं भाडं द्यावं, मुलाखतीसाठी शनिवार-रविवारचा पर्याय सगळीकडे द्यावा, बसायला सावली आणि पिण्याचं पाणी द्यावं. मागण्या साध्या आहेत आणि खर्च फार नाही.

काकांच्या मुलाचा अर्ज गेला तेव्हा चौकशीला पोलीस घरी आले. शेजाऱ्यांना विचारलं, त्यांनी हरकत नसल्याचं सांगितलं. मग काकांना विचारलं, मुलाला ठेवून घ्यायला तयार आहात का, तो वेळेवर परत जाईल याची हमी घेता का. काकांनी हो म्हटलं आणि जबाबावर सही केली. काकूंना कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःहून पुढे येऊन माझाही जबाब लिहा म्हणून सांगितलं, आणि तो लिहून होईपर्यंत पोलिसांना उठू दिलं नाही.